कॉलरला राहिलेल्या चिठ्ठ्या

माझ्या लाँड्रीत गिऱ्हाइकाला नाव नसतं, कपडा असतो. कोपऱ्यावरच्या बंगल्यातले निवृत्त न्यायाधीश आमच्याकडे ‘कडक कॉलर’ आहेत. बेकरीवाली ‘पिठाळ’ आहे. आणि एक्क्याऐंशी वर्षांचे एक आजोबा, जे भर उन्हाळ्यातही कोट सोडत नाहीत, ते ‘लांब कोट’. माणूस तोंडाने काहीही सांगो, कपडे खरं बोलतात. सव्वीस वर्षं मी लोकांचे डाग बघतेय, त्यामुळे माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, आणि ते मी लपवतही नाही.

हे आधीच सांगितलं, कारण पुढे मी माझ्या भाचीचं कौतुक करणार आहे. कौतुक करणं माझ्या स्वभावात नाही. तेव्हा करतेय म्हणजे काहीतरी असेल, एवढं समजून घ्या.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. फार्मसीला प्रवेश मिळाला तेव्हा एक बॅग आणि पुस्तकांचं एक खोकं घेऊन माझ्या दुकानावरच्या खोलीत राहायला आली. आल्या आल्या म्हणाली, “मावशी, मी दुकानात काम करणार. पगार घेऊन.”

मी म्हटलं, “राहा की गप. घरचीच आहेस.”

“घरची आहे म्हणूनच. उपकार फेडता येत नाहीत, पगार कमावता येतो.”

उचलली जीभ लावली टाळ्याला! पण बोलणं पटलं. सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी चार ते सात अशी वेळ ठरवून दिली आणि सांगितलं, की दुकानाच्या उंबरठ्याच्या आत भाची वगैरे कोणी नाही. तिने मान डोलावली. पहिल्याच आठवड्यात एका शर्टाच्या कफवर इस्त्रीचा तांबूस चटका उठवला आणि स्वतःहून मला आणून दाखवला. लपवला असता तर मी तिला परत पाठवलं असतं. दाखवला, म्हणून नुसती शिव्यांवर सुटली.

आता आमची पद्धत सांगते, कारण सगळा घोटाळा तिच्यातच झाला. कपडा आला की नंबराची कागदी चिठ्ठी कॉलरच्या आत टाचणीने लावायची. इस्त्री झाली की चिठ्ठी आणि टाचणी काढायची, चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि शर्ट त्या नंबराच्या कप्प्यात ठेवायचा. हे काम इस्त्री करणाऱ्याचं. मग बांधणाऱ्याने पुन्हा एकदा कॉलर उलटून बघायची आणि मगच शर्ट कागदात गुंडाळायचा. म्हणजे चार डोळे. सव्वीस वर्षांत माझ्या दुकानातून एकही टाचणी कुणाच्या घरी गेली नव्हती. लोकांच्या घरांत पदकं टांगलेली असतात. माझं पदक ते होतं.

इस्त्रीच्या टेबलाजवळ पुस्तक मी चालू दिलं नाही. वाफेने पुस्तकाची पानं फुगतात, आणि पुस्तकात डोळे घातले की शर्ट जळतो. भाचीने दोन दिवस तोंड पाडलं. तिसऱ्या दिवशी विचारते कशी, “पुस्तक नाही. पण चिठ्ठी तर चालते ना?”

चिठ्ठीची मागची बाजू कोरी असते. हिने त्यावर पेन्सिलने एकेक प्रश्न लिहायला सुरुवात केली. शर्ट टेबलावर पसरला, कॉलर उलटली, की प्रश्न समोर. एका शर्टाला चार मिनिटं लागतात. कॉलर, खांदे, बाह्या, मग पाठ आणि पुढचं अंग. तेवढ्या वेळात पुटपुटत उत्तर द्यायचं. सुरुवातीला मला वाटलं, पोरगी शर्टांशी बोलायला लागली, आता बहिणीला काय तोंड दाखवू? मग हळूहळू कानाला सवय झाली. यकृत, मूत्रपिंड, मात्रा, विषबाधा. सातवीत शाळा सोडलेली मी, पण दोन वर्षांत मला शरीराच्या आतलं बरंच काही ऐकून माहीत झालं.

एवढ्यावर थांबली असती तर प्रश्न नव्हता. पण हिला दोस्तही हवे होते. एक ‘शिडी’, हिच्याच वर्गातली, एवढी उंच की माझ्या दुकानाच्या दारात वाकून यायची. दुसरा ‘रेडिओ’, इतिहास शिकणारा, नाटकवेडा. त्याला बंद करायचं बटण देवाने दिलेलंच नाही. बुधवारी आणि रविवारी सातनंतर तिघं माझ्या पायरीवर बसून खिदळायचे. एवढं हसण्यासारखं जगात काय आहे, मला अजून कळलेलं नाही. मी आतून भांडी आपटून माझं मत कळवायचे. ते हसायचे आणि थोडं हळू हसायचे.

तर त्या शनिवारी रेडिओचं नाटक होतं, साडेपाचला. सोमवारी हिचा सगळ्यात अवघड पेपर. आणि दुकानात एक्केचाळीस शर्ट. शनिवारी कॉलेज अर्धा दिवस असतं, त्यामुळे ही एकपासूनच टेबलावर उभी राहिली आणि पाचला म्हणाली, “मावशी, सगळे झाले. मी जाऊ? त्याला शब्द दिलाय.”

“परवा पेपर आहे तुझा.”

“माहितेय. पहिल्या रांगेत कोणी ओळखीचं नसलं तर तो वाक्यं विसरतो.”

मी तोंड वाकडं केलं, पण जाऊ दिलं. मग मी शर्ट बांधले आणि नेहमीसारखी स्कूटरवरून दोन फेऱ्यांत घरोघर पोचवून आले.

रोज सकाळी मी आदल्या दिवशीच्या चिठ्ठ्यांचा डबा रिकामा करते. चिठ्ठ्या मोजून वहीतल्या कपड्यांशी जुळवते आणि मग जाळते. त्या रविवारी एक्केचाळीस निघायला हव्या होत्या, निघाल्या अठरा. पुन्हा मोजल्या. डबा उलटा करून ठोकला. टेबलाखाली, कप्प्यांत, केरात, सगळीकडे पाहिलं. टाचण्यांच्या गादीतही टाचण्या कमी. तेवीस शर्ट कॉलरमध्ये टाचणी घेऊन लोकांच्या कपाटात जाऊन बसले होते, आणि सोमवारी सकाळी माणसं घाईघाईत ते अंगावर चढवणार होती.

मी वर गेले. ही पुस्तकांच्या ढिगात बसली होती.

“चिठ्ठ्या कुठायत?”

“कसल्या?”

“कालच्या. तेवीस!”

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिने जे सांगितलं ते मला दोन वर्षांत माहीत नव्हतं. जिचं उत्तर आलं ती चिठ्ठी डब्यात. जिचं नाही आलं, किंवा नुसतं पाठ आहे पण स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही, ती कॉलरलाच ठेवायची आणि शर्ट कप्प्यात टाकायचा. सगळं काम संपलं की एकदा कप्प्यांपुढे उभं राहून त्या राहिलेल्या चिठ्ठ्या पुन्हा वाचायच्या, उत्तरं द्यायची आणि मग काढायच्या. रोज हेच करायची ती, मी दुकानाची फळी लावायला बाहेर असायचे तेव्हा. शनिवारी नाटकाच्या घाईत ती शेवटची फेरी राहून गेली.

“म्हणजे न आलेले प्रश्न गावभर वाटलेस तू!” मी सुरू झाले. “एक ना धड, भाराभर चिंध्या! दोन दगडांवर पाय ठेवणारा पाण्यात पडतो, तू तर तीन धरलेस. दुकान, कॉलेज आणि ती पायरीवरची खिदळ. सव्वीस वर्षांची अब्रू घालवलीस माझी. आत्ताच्या आत्ता उठ. नऊ घरं आहेत, एकेका दारात जाऊन टाचणी काढून आणायची. आणि फेरी संपली की मला सांगायचं, तिन्हींतलं काय सोडणार ते. एक सुटलंच पाहिजे. नाहीतर मी तुझ्या आईला फोन करून सांगते, घेऊन जा हिला.”

तिने पुस्तक मिटलं. चपला घातल्या.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ओरडता ओरडताच मला कळलं होतं, की ते शर्ट बांधले मी. कॉलर उलटून बघायचं काम माझं. दोन वर्षांत तिची एकही चिठ्ठी राहिली नव्हती, म्हणून उलटून बघणं मी कधी सोडून दिलं, माझं मलाच कळलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पण एकदा ओरडायला लागल्यावर मध्येच थांबणं मला जमत नाही. मी डबा काखेत मारला आणि तिच्यामागून निघाले.

खाली पायरीवर शिडी आणि रेडिओ हजर. हिने त्यांना कधी कळवलं देव जाणे. रेडिओच्या कानामागे कालचा रंग तसाच होता.

“मावशी, आम्ही पण येतो,” शिडी वाकून म्हणाली. हातात वह्या होत्या.

“कशाला? वरात काढायचीय?”

“हिचा अभ्यासाचा दिवस वाया जातोय,” रेडिओ म्हणाला. “माझ्यामुळे. चालता चालता करू.”

बोलण्यासारखं होतं, पण पहिलं दार कुणाचं गाठायचं याच विचारात मी चालू लागले. जवळचं घर कडक कॉलरचं होतं.

न्यायाधीश साहेबांनी दार उघडलं तेव्हाच मी ओळखलं, की त्यांना सापडलीये. त्यांच्या टेबलावर बशीत टाचणी ठेवली होती आणि शेजारी चिठ्ठी, कोर्टात पुरावा मांडतात तशी. भाचीने सरळ सांगितलं, “साहेब, माझ्या चुकीने टाचणी राहिली. माफ करा. चिठ्ठी न्यायला आलेय.”

“टाचणी तुमची, घेऊन जा,” ते म्हणाले. “चिठ्ठी माझ्या कॉलरमध्ये होती. म्हणजे प्रश्न मला विचारलेला आहे, आणि मला उत्तर माहीत नाही.” त्यांनी चष्मा लावून वाचलं, “जिभेखाली ठेवलेली गोळी गिळलेल्या गोळीपेक्षा लवकर का लागू पडते? हं. सांगा.”

भाचीने श्वास घेतला आणि घडाघडा सुरू केलं, “कारण श्लेष्मल त्वचेतून थेट शोषण होऊन प्रथम यकृतीय चयापचय टाळला जातो आणि त्यामुळे...”

साहेबांनी हात वर केला. “हे तुम्हाला कळलंय?”

“पाठ आहे,” ती म्हणाली.

“पाठ केलेल्या साक्षी मी पस्तीस वर्षं ऐकल्या. मला त्या कधी पटल्या नाहीत.” त्यांनी चिठ्ठी खिशात ठेवली. “कळलं की या. मी घरीच आहे.”

बाहेर आल्यावर तिचे कान लाल झाले होते. मला राग आला. तिचा नाही, त्यांचा. माझ्या पोरीला दारातून परत पाठवतात म्हणजे काय!

रेडिओने तिची वाट अडवली. “ए, मला सांग. मी विज्ञानात ढ आहे. मला कळलं तर भिंतीलाही कळेल. आणि अवघड शब्द वापरलास तर मी इथेच रस्त्यावर बसेन.”

“आणि चुकलीस तर मी अडवीन,” शिडी वही उघडत म्हणाली.

असे निघाले तिघं. रेडिओ उलटा चालायचा, हिच्याकडे तोंड करून, आणि प्रत्येक वाक्याला विचारायचा, “म्हणजे काय?” ही चिडायची, पुन्हा सांगायची. तो पुन्हा, “म्हणजे काय?” शिडी मध्येच म्हणायची, “हे अर्धवट झालं.” मी चार पावलं मागून डबा घेऊन चालत होते आणि कान त्यांच्याकडे होते.

पिठाळीच्या बेकरीत चार शर्ट होते. ती भट्टीसमोर घामाघूम. तिलाही चिठ्ठी सापडली होती, आणि तिला वाटलं होतं की लाँड्रीने काही नवीन नियम काढलाय. “दुखण्याची गोळी उपाशीपोटी का नको? माझी तर रोजचीच आहे, पाठीसाठी. पहाटे तीनला उठते, तेव्हा पोटात काय असणार? सांग बाई, का नको?”

भाची अडखळली. रेडिओकडे पाहिलं. मग म्हणाली, “पोटात आम्ल असतं, अन्न पचवायला. ते पोटालाच जाळू नये म्हणून आतून एक थर असतो. ही गोळी दुखणं थांबवते, पण तो थर पातळ करते. काकू, तुम्ही हातात जाड फडकं घेऊन भट्टीतला ट्रे काढता ना? तसं फडकं न घेता काढायचं झालं हे.”

पिठाळ आपल्या हातातल्या फडक्याकडे बघत राहिली. मग चारही चिठ्ठ्या काढून दिल्या आणि म्हणाली, “आजपासून आधी पाव खाईन.”

मी डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. चार.

लांब कोटांकडे आम्ही गेलो तेव्हा ते अंगणात उन्हात बसले होते, कोट घालूनच. रविवारीही! टाचणी त्यांनी स्वतःच काढून कोटाच्या पट्टीवर बिल्ल्यासारखी लावली होती. चिठ्ठी पुढे करून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. चिठ्ठीवर होतं, ‘मुदत संपली हे कशावरून ठरवतात?’

“एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या कॉलरला हा प्रश्न! पोरी, उत्तर दिल्याशिवाय सोडणार नाही तुला.”

“आजोबा, औषधाबद्दल आहे हो,” ती ओशाळून म्हणाली. पण मग खुर्चीजवळ उकिडवी बसली आणि सांगितलं, की कारखान्यात औषध वेगवेगळ्या उष्णतेत, दमट हवेत महिनोन्महिने ठेवून बघतात. किती टिकलं, किती उडालं, ते मोजतात. जोवर ठरलेल्याइतकं शिल्लक राहतं तोवर मुदत. “म्हणजे मुदत ठरवायला कुणीतरी आधी खूप वाट बघितलेली असते.”

“मग माझी कोणी बघतंय का?” आजोबांनी विचारलं आणि पुन्हा हसले. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी दुसरीकडे बघितलं.

पुढे एक घर होतं तान्ह्या बाळाचं. आईने दार उघडलं, खांद्यावर रडून थकलेलं पोर. चिठ्ठी तिने वाचली नव्हती, शर्ट अजून कागदातच होते. भाचीने कागद सोडला, टाचणी काढली, आणि त्या आईने सहज चिठ्ठी हातात घेतली. ‘मोठ्यांचं औषध अर्धं करून लहानांना का द्यायचं नाही?’ वाचून ती जिथे होती तिथेच उभी राहिली.

“का?” तिने विचारलं. आवाज एकदम बारीक.

या वेळी भाची अडखळली नाही. म्हणाली, “ताई, लहान मूल म्हणजे अर्धं मोठं माणूस नव्हे. औषध शरीराबाहेर काढणारे अवयव त्याचे अजून शिकतायत. मोठ्याला जे चार तासांत बाहेर पडतं, ते त्याच्यात साचून राहू शकतं. म्हणून मुलांचं औषध वजनावर ठरतं आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं.”

ती आई आत गेली. स्वयंपाकघरात काहीतरी कपाटात उंच ठेवल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा डोळे पुसत होती. “रात्रीपासून ताप होता. आत्ता देणार होते. जाते डॉक्टरांकडे,” एवढंच म्हणाली.

रस्त्यावर आलो तेव्हा तिघंही गप्प होते. रेडिओसुद्धा. आणि खरं सांगते, माझा ऊर भरून आला. सव्वीस वर्षं मी लोकांच्या दारात जातेय, कपडे देते आणि येते. माझी भाची त्या दारात उभी राहून काहीतरी देऊन आली होती. खळ आणि साबण लागून हातांना भेगा पडलेल्या, पायात झिजलेल्या चपला, आणि लोक तिचं ऐकत होते. मला वाटलं, रस्त्यातल्या प्रत्येकाला थांबवून सांगावं, की ही माझी आहे. माझ्या इस्त्रीवर तयार झालीये. सांगितलं मात्र नाही. म्हटलं, “चला, पाय उचला. अजून पाच घरं आहेत.”

दुपार कलली तेव्हा डब्यात बावीस चिठ्ठ्या होत्या. राहिली एक.

कडक कॉलर दारातच उभे होते. “कळलं?”

“हो साहेब,” ती म्हणाली. पुस्तकातला एकही शब्द नाही. “गिळलेली गोळी पोटातून रक्तात जाते आणि ते रक्त आधी यकृताकडे जातं. यकृत म्हणजे नाक्यावरचा तपासनीस. जे येईल त्यातलं बरंचसं तो तिथेच निकामी करतो. जिभेखालची कातडी पातळ असते, तिच्यामागे लगेच बारीक रक्तवाहिन्या. तिथून औषध सरळ रक्तात शिरतं, नाका चुकवून. म्हणून लवकर लागू पडतं. आणि म्हणूनच ती गोळी गिळायची नसते. गिळली तर फारच थोडी पोचते.”

साहेबांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी बाटली काढली. ती बाटली मला ठाऊक होती, दोनदा त्यांच्या खिशात राहून माझ्या टेबलावर आली होती.

“छातीत दुखलं की घ्यायला दिलीये,” ते म्हणाले. “जिभेवर चरचरते, म्हणून मी पाण्याबरोबर गिळतो. चार महिने झाले. म्हटलं, गुण तर येत नाही, वय झालं.”

भाचीचा आवाज बदलला. “आता दुखलं तर जिभेखालीच ठेवा. गिळू नका. आणि उद्या सकाळीच डॉक्टरांना सांगा, की चार महिने गिळत होतात. लपवू नका, साहेब. मीसुद्धा आज काही लपवलं नाही.”

ते माझ्याकडे वळले. “सव्वीस वर्षांत तुमच्याकडून टाचणी आली नव्हती. चूक कुणाची?”

“माझी,” भाची म्हणाली. क्षणही घेतला नाही तिने. दिवसभरात दहाव्यांदा तेच उत्तर, आणि दहाही वेळा मी शेजारी डबा धरून उभी.

मला माझीच लाज वाटली. त्या पोरीने पहिल्या आठवड्यात जळलेला कफ आणून दाखवला होता, आणि मी मोठी असून लपवत होते.

“तिची नाही,” मी म्हटलं. “चिठ्ठी तिने ठेवली, पण बांधताना कॉलर उलटून बघायचं काम माझं. मी बघितलं नाही. तिच्या हातून कधी राहत नाही म्हणून बघणंच सोडलं होतं. चूक माझी आहे साहेब, आणि सकाळी मी त्यासाठी हिच्यावर ओरडले.”

भाची माझ्याकडे वळली. तिला हे माहीत नव्हतं का? बांधते कोण, हे तिला चांगलं माहीत होतं. दिवसभर माहीत असून ती बोलली नव्हती.

साहेबांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि तिच्या हातात ठेवली. सकाळी तिला तुम्ही म्हणणारे ते म्हणाले, “घे, बाळ. ही साक्ष पटली.”

घरी येताना ऊन उतरलं होतं. शिडी आणि रेडिओ पुढे चालत होते. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, “मावशी, तू विचारलं होतंस. तिन्हींतलं काय सोडणार?”

“मी? कधी?”

“सकाळी.”

“सकाळी मी ओरडत होते. ओरडताना बोललेलं धरून ठेवायचं नसतं.” मग जरा थांबून म्हटलं, “त्या दोघांना सांग, आज वर येऊन बसा. पायरी गार पडते.”

सोमवारी मी तिला सुट्टी दिली होती. ती सहाला खाली आली. दहा शर्ट केले आणि पेपरला गेली. मी दहाही कॉलर उलटून बघितल्या, तिच्यासमोर, आणि ती हसली. निकालात पहिली वगैरे आली नाही, मी खोटं सांगणार नाही. चांगल्या गुणांनी पास झाली. पण तिच्या सगळ्या विषयांत जास्त गुण त्याच पेपरात होते, आणि तेवीसपैकी सहा प्रश्न जसेच्या तसे आले होते असं रेडिओ अजून सगळ्यांना सांगत फिरतो. पुढच्या महिन्यात चिठ्ठ्या संपल्या तेव्हा मी छापखान्यात सांगितलं, नंबर नेहमीसारखा पुढे, आणि मागच्या बाजूला रेघा मारून द्या. छापखानेवाला म्हणाला, मागच्या बाजूला कोण लिहितं? मी म्हटलं, तुम्ही छापा.

ती शेवटपर्यंत तिन्ही धरून राहिली. सहा ते साडेआठ, चार ते सात, मध्ये कॉलेज, आणि बुधवारी-रविवारी वर माझ्या खोलीत ती खिदळ. मी आता भांडी आपटत नाही. कधीकधी मलाही हसू येतं, कशावर ते समजत नाही तरी.

मागच्या आठवड्यात तिला इस्पितळाच्या औषधालयात नोकरी लागली. पहिल्या दिवसाचा पांढरा कोट मी तिला हात लावू दिला नाही. स्वतः खळ घातली, स्वतः इस्त्री केली. सवयीने नंबराची चिठ्ठी लावली होती, आणि मागच्या रेघांवर, मोठ्या अक्षरांत, कारण मला लहान येत नाही, मीच एक प्रश्न लिहिला होता: ‘काम, अभ्यास, दोस्त. चोवीस तासांत बसवलं कसं?’

कॉलर, खांदे, बाह्या, पाठ. चार मिनिटं झाली. उत्तर आलं नाही. आमच्या दुकानाचा नियमच आहे, उत्तर येत नाही ती चिठ्ठी कॉलरला राहते. टाचणी तेवढी काढली, रुतेल म्हणून, आणि चिठ्ठी दोन टाक्यांनी आतून शिवली.

सकाळी ती खाली आली, कोट चढवला, मानेला कागद लागला तशी थांबली. कोट काढून कॉलर उलटली. वाचलं. मी पाठमोरी होऊन पाण्याची बाटली भरत होते, पण भिंतीवरच्या आरशात सगळं दिसत होतं.

मग तिने कॉलर होती तशी नीट बसवली, कोट परत घातला आणि कामाला गेली. चिठ्ठी काढली नाही. उत्तर तिलाही येत नसावं.